नांदूर मधमेश्वर: बंधारा, पाणी आणि पक्षी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यातल्या कुठल्याही रविवारी चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यापाशी उभे राहा, तेच तेच प्रश्न कानावर पडतात. मी इथल्याच फुगवट्याच्या, म्हणजे बंधाऱ्यामागे पसरलेल्या पाण्याच्या, काठचा. घरची शेती कांद्याची आणि उसाची. गेली काही वर्षं दर महिन्याच्या पक्षिगणनेला वही घेऊन जातो. पाहुण्यांना, शाळेच्या मुलांना आणि गावकऱ्यांना जी उत्तरं तोंडी देतो ती इथे एकत्र लिहिली आहेत. गावकऱ्यांचे प्रश्न पाहुण्यांपेक्षा अवघड असतात, म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे.

हे धरण आहे, तळं आहे की अभयारण्य?

आधी बंधारा झाला, मग पाणथळ तयार झाली आणि अभयारण्य सगळ्यांत शेवटी आलं. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांचा संगम आहे. तिथे इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दगडी बंधारा बांधला गेला. त्याच्या मागे पाणी पसरलं, गाळ साचला, बेटं तयार झाली, पाणकणीस उगवलं आणि पक्षी येऊ लागले. १९८६ साली राज्य सरकारने १००.१२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर केलं. त्यात पाण्यासोबत गावं, शेतं आणि माळही येतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

आकाराने हा बंधारा लहान आहे. नाशिकच्या धरणांचे आकडे रोज पेपरात येतात, त्यात याची क्षमता २५७ दशलक्ष घनफूट अशी छापतात. गंगापूर धरणाची ५,६३० आणि दारणेची ७,१४९. म्हणजे एकट्या गंगापुरात असे एकवीस-बावीस बंधारे मावतील.

‘मधमेश्वर’ हे नाव कशावरून?

नदीच्या पात्रात मध्यमेश्वराचं, म्हणजे महादेवाचं, जुनं देऊळ आहे. त्याच्यावरून गावाला नाव पडलं. कागदोपत्री कुठे ‘मध्यमेश्वर’, कुठे ‘मधमेश्वर’ लिहितात. दोन्ही बरोबर. बोलताना आम्ही नुसतं ‘नांदूर’ म्हणतो.

कादवा नदी म्हणजे इगतपुरीचं कडवा धरण आहे तीच का?

नाही. हा घोळ फार जणांचा होतो. संगमावर येते ती कादवा दिंडोरी तालुक्यातून येते. करंजवण आणि पालखेड ही धरणं तिच्यावर आहेत. इगतपुरी भागातली कडवा वेगळी. तिचं पाणी दारणेत जातं आणि दारणेतून गोदावरीला मिळतं. थोडक्यात, दोन्ही नद्यांचं पाणी अखेर आमच्याच दारात येतं, वाटा तेवढ्या वेगळ्या.

हा बंधारा बांधला कशासाठी?

कालव्यांसाठी. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निघालो की सह्याद्रीची सावली लागते आणि निफाड, येवला, कोपरगावपर्यंत तो जेमतेम पाचशे-सहाशेवर येतो. पाऊस वर आणि तहान खाली, हे इथलं जुनंच दुखणं. दारणा धरण १९१६ साली पूर्ण झालं. तिथे साठवलेलं पाणी पात्रातून खाली सोडायचं, नांदूरला अडवून त्याची उंची वाढवायची आणि दोन्ही तीरांवरच्या कालव्यांत वळवायचं, अशी ती योजना. साठवणीचं काम वरच्या धरणांचं. नांदूरने पाणी अडवायचं, उचलायचं आणि वाटायचं.

गोदावरी डावा आणि उजवा, असे दोन कालवे इथून निघतात. सिन्नर, येवला, कोपरगाव, राहाता भागातल्या बागायतीचा इतिहास या कालव्यांचाच आहे. पुढे नांदूर मधमेश्वर जलद कालवा झाला आणि पाणी मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूर तालुक्यांकडेही गेलं. कालव्यांत न गेलेलं पाणी बंधाऱ्यावरून थेट जायकवाडीला जातं. पावसाळ्यात ‘नांदूर मधमेश्वरमधून इतके क्युसेक विसर्ग’ ही बातमी पैठणपर्यंतचे लोक डोळ्यांत तेल घालून वाचतात ती म्हणूनच.

मालक कोण? जलसंपदा की वन विभाग?

बंधारा, दरवाजे आणि कालवे राज्य सरकारच्या जलसंपदा विभागाचे. अभयारण्याची देखरेख वन विभागाच्या वन्यजीव शाखेकडे. हद्दीत खाजगी शेतजमीनही आहे, ती शेतकऱ्यांच्या नावावर. पाण्याचं म्हणाल तर त्यावर नाशिक, नगर आणि मराठवाडा या तिघांचा दावा आहे आणि तो वाद कोर्टापर्यंत गेलेला आहे.

थोडक्यात, दरवाजा उघडायचा की बंद ठेवायचा हे एक खातं ठरवतं आणि त्या पाण्यावर उतरलेल्या पक्ष्यांची जबाबदारी दुसऱ्या खात्यावर असते. या पानावरच्या पुढच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ इथेच आहे, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

बंधारा सिंचनासाठी होता, मग पक्षी का आले? पाणी तर गंगापूर धरणातही आहे.

माझा हा सगळ्यांत आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर आहे गाळ.

नदी वाहती असते तोवर माती सोबत नेते. बंधाऱ्याला येऊन थबकली की हातातलं ओझं खाली ठेवते. शंभरहून जास्त पावसाळे नाशिक, दिंडोरी आणि इगतपुरीकडची माती इथे येऊन बसते आहे. इंजिनिअरच्या वहीत याची नोंद ‘क्षमता घटली’ अशी होते आणि त्यांच्या बाजूने ती खरीच आहे. पण त्या गाळामुळे फुगवट्याचा मोठा भाग उथळ झाला. कुठे वीतभर पाणी, कुठे कमरेएवढं, मध्ये ओल्या चिखलाच्या जिभा आणि झाडोऱ्याची बेटं.

पाणपक्ष्याला खोल पाण्याचा फारसा उपयोग नसतो. शेकाट्याचे लाल पाय लांब असले तरी त्याला तळाला टेकून चालायचं असतं. थापट्या बदकाची चोच चमच्यासारखी रुंद असते. तो पाण्याच्या वरच्या थरातलं बारीकसारीक चाळून खातो. तलवार बदक शेपूट वर आणि डोकं खाली करून तळाचं खातं, म्हणजे मान पोहोचेल तेवढंच पाणी त्याच्या कामाचं. चित्रबलाक तर चोच अर्धी उघडी ठेवून गुडघाभर पाण्यात चालतो आणि एका पायाने चिखल ढवळतो. चोचीला काही लागलं की ती झटकन मिटते. डोळ्यांनी बघून मासा पकडण्याची त्याची रीतच नाही. खोल धरणाच्या मध्यावर या कुणालाही उपाशीच राहावं लागेल.

दुसरं कारण वनस्पती. पाणकणीस, लव्हाळे आणि पाण्याखालची शेवाळं सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचला तरच वाढतात. जांभळी पाणकोंबडी या पाणकणसाच्या दांड्या पायात धरून सोलून खाते, उसाचं कांडं सोलावं तशी. काठावर गुडघे टेकून बसलात तर दांड्या मोडल्याचा ‘कडक’ असा आवाज ऐकू येतो.

तिसरं कारण आजूबाजूचा परिसर. चहूबाजूंना कोरडवाहू माळ आणि बागायत, मध्ये ही ओली जागा. बदकं दिवसा पाण्यावर झोपतात आणि रात्री शेतांत उतरतात. कांड्या करकोचे हरभऱ्याच्या रानात दाणे टिपतात आणि पाण्याला परत येतात. जागा लहान असली तरी तिचं ताट मोठं आहे.

इथे किती जातींचे पक्षी आहेत?

दोनशेहून जास्त जातींच्या नोंदी आहेत. रामसर यादीच्या (महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या) माहितीत वनस्पती, मासे, पक्षी आणि सस्तन धरून एकूण ५३६ जाती नोंदल्या आहेत. ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ हे बिरुद त्यावरूनच. मला स्वतःला ती तुलना फारशी लागू वाटत नाही. राजस्थानातलं भरतपूर हे संस्थानिकांनी शिकारीसाठी घडवलेलं पाणथळ होतं आणि नांदूर शेतीच्या पाण्यातून घडलं. दोघांची गोष्ट वेगळी आहे.

वर्षभर दिसणारे: हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, कमळपक्षी, नदीसुरय, बगळे, पाणकावळे, शराटी, मुग्धबलाक. थंडीत येणारे: चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चक्रांग, गडवाल, भुवई बदक, तरंग, तुतवारांच्या जाती आणि त्यांच्या मागावर येणारे दलदली भोवत्ये. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात पण दरवर्षी येतीलच असं नाही. त्यांच्यासाठीच येणार असाल तर आधी चौकशी करा.

एक पक्षी मात्र जवळून बघाच. मुग्धबलाक. त्याच्या चोचीच्या दोन पात्यांमध्ये फट असते, चोच पूर्ण मिटतच नाही. मागच्या डिसेंबरात मनोऱ्याच्या उजवीकडे एक मुग्धबलाक पाण्यात मान घालून उभा होता. त्याने गोगलगाय वर काढलीच नाही. पाण्याखालीच तिला तळाशी दाबलं, खालच्या पात्याचं टोक झाकणाच्या कडेने आत सरकवलं, दोन-तीन हिसके दिले आणि मान वर केली तेव्हा चोचीत फक्त मऊ मांस होतं. शंख होता तसाच तळाशी राहिला. आमच्यासोबत सातवीतली एक मुलगी होती. तिने नंतर काठावरचे रिकामे शंख गोळा करून पाहिले. एकही फुटलेला नव्हता.

हे पक्षी सायबेरियातून येतात ना?

काही येतात, सगळे नाही. ‘सायबेरियन पक्षी’ हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो. चक्रवाक लडाख आणि तिबेटच्या तलावांकाठी विणतात. पट्टकदंब हंस तिबेट, मंगोलिया भागातले, हिमालय ओलांडून येतात. तलवार बदक आणि थापट्या यांच्या विणीचा प्रदेश उत्तर आशियात फार लांबपर्यंत पसरला आहे. आणि मुग्धबलाक, चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी हे तर आपल्याच देशातले.

मासे कोणते आहेत?

मरळ, वाम, शिंगाडा, चिलापी, शिवाय रोहू, कटला आणि मृगळ. यातले रोहू-कटला मत्स्यबीज सोडल्यामुळे वाढलेले आणि चिलापी तर मूळची आफ्रिकेतली. उथळ, कोमट, गवताळ पाणी पिल्लांना लपायला उत्तम, म्हणून माशांची पैदास इथे भरपूर होते आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांची संख्याही त्यावरच टिकून आहे.

पण ‘बंधाऱ्यामुळे माशांचं भलं झालं’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. देवळाली मिनो नावाचा बोटाएवढा मासा आहे. होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी १९३८ साली देवळालीच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. आज तो जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. रामसरच्या कागदपत्रांत नांदूरच्या महत्त्वाच्या जातींमध्ये त्याचं नाव आहे. याच्या कुळातले मासे खळाळत्या, खडकाळ पाण्यातले. तोंडाखालच्या जाड कातडीने दगडाला धरून राहणारे. थबकलेलं, गाळाचं पाणी त्यांचं घर नव्हे. पहिल्या पावसात चढणीला निघणाऱ्या माशांनाही दगडी भिंत आडवी येते. बंधाऱ्याने मरळ आणि चिलापीला अंगण दिलं, वाहत्या पाण्याच्या माशांकडून मात्र काही काढून घेतलं. दोन्ही गोष्टी एकाच नदीत घडल्या आहेत.

अभयारण्यात मासेमारी करता येते का?

परवानगीशिवाय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. बारीक आसाच्या नायलॉन जाळ्यांचा त्रास सगळ्यांत मोठा. त्यात बुडी मारणाऱ्या टिबुकल्या आणि पाणकावळेही अडकतात. टाकून दिलेलं जाळं वर्षानुवर्षं पाण्यात मारत राहतं. असं जाळं दिसलं तर स्वतः पाण्यात उतरू नका, चिखल माणसाला धरून ठेवतो. वनरक्षकाला सांगा.

इथल्या नदीकाठच्या काही कुटुंबांचं पोट पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर चाललं आहे. त्यांच्यातली काही मुलं आज दुर्बीण घेऊन मार्गदर्शकाचं काम करतात आणि पाण्यातली प्रत्येक वळचण त्यांना पाठ आहे. तुम्ही याल तेव्हा गाईड घ्या. पक्षी जास्त दिसतील आणि पैसे गावात राहतील.

मागच्या आठवड्यात पाणी काठोकाठ होतं, आज चिखल दिसतोय. असं का?

आवर्तन. कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीला आवर्तन म्हणतात. रब्बीचं वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं, शिवाय पिण्याच्या पाण्याचं. दारणा-गंगापूरमधून पाणी सुटलं की नांदूरला पातळी चढते, पाळी संपली की उतरते. यात भर म्हणून तुटीच्या वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे. तेही पाणी इथूनच जातं आणि बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नेमकं बदकं उतरायला लागतात तेव्हा.

पातळी खाली-वर होणं मुळात वाईट नाही. पाणी हळूहळू उतरलं की रोज नवा ओला चिखल उघडा पडतो आणि तुतवारांची पंगत बसते. त्रास होतो तो एकदम झालेल्या बदलाचा.

एप्रिलमधली एक गोष्ट सांगतो. पात्रातल्या एका उघड्या, खडीच्या उंचवट्यावर नदीसुरयाची घरटी होती. घरटं म्हणजे नुसता खळगा, त्यात वाळूच्या रंगाची, तपकिरी ठिपक्यांची दोन-तीन अंडी. काठावरून दुर्बिणीतून मी सात खळगे मोजले. दुपारच्या उन्हात मादी पोटाची पिसं भिजवून यायची आणि अंड्यांवर बसायची, अंडी शिजू नयेत म्हणून. चौथ्या दिवशी सकाळी गेलो तर उंचवटाच नव्हता. वरून उन्हाळी आवर्तन सुटलं होतं. सुरय त्या जागेवर घिरट्या घालत होते, पाण्याला चोच लावून परत वर जात होते.

त्या रात्री आमची मोटर चालू होती. उसाला पाण्याची पाळी द्यायची होती आणि नदीला पाणी आल्याचा घरात सगळ्यांना आनंद झाला होता, मलाही. कुणी काही चूक केली असं मी म्हणणार नाही. कोपरगावच्या जनावरांना प्यायला ते पाणी हवंच होतं. माझं मागणं एवढंच आहे: आवर्तनाचं वेळापत्रक ठरवायला कालवा सल्लागार समितीची बैठक होते, त्या टेबलावर विणीचं वेळापत्रकही असावं. सुरय मार्च ते मे या काळात विणतात. पाणी चार-पाच दिवस आधी थोडं थोडं सोडलं आणि पातळी विणीपूर्वीच चढवून ठेवली तर पक्षी उंच जागा निवडतात. पाण्याचा एक थेंब जास्त लागत नाही.

एवढा गाळ आहे तर काढत का नाहीत? दर पावसाळ्यात आमची शेतं पाण्याखाली जातात.

हा प्रश्न चांदोरी, सायखेडा, करंजगाव पट्ट्यातली माणसं विचारतात आणि रागाने विचारतात. त्यांचा राग खरा आहे. मोठा पूर आला की फुगवटा मागे सरकत जातो. सायखेड्याची बाजारपेठ पाण्यात गेलेली मी पाहिली आहे. आमच्या स्वतःच्या कांद्याच्या रोपात तीन दिवस पाणी उभं होतं; उतरल्यावर रोपं जागेवर होती पण हात लावला की मुळापासून सुटून यायची. असं नुकसान झालेल्या माणसाला ‘पक्ष्यांसाठी गाळ राहू द्या’ असं सांगायला तोंड होत नाही.

म्हणून नीट वेगळं करून सांगतो. पुराचं पाणी नदीच्या मुख्य पात्रातून जातं. पात्रात आणि दरवाज्यांच्या तोंडाशी साचलेला गाळ, तिथे वाढलेली बाभूळ-झुडपं पुराला अडवतात. हा गाळ काढायलाच हवा, माझं पूर्ण मत त्या बाजूने आहे. पक्ष्यांचा गाळ वेगळा, काठाच्या उथळ डबक्यांचा. तो उपसून फुगवटा सगळीकडे एकसारखा खोल केला तर पुराच्या लाखांतल्या क्युसेकपुढे वाढलेली साठवण चिमूटभर ठरेल आणि पाणथळ मात्र जाईल. पूर पोटात साठवण्याएवढं या बंधाऱ्याचं पोटच नाही, त्याला वाट हवी.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना २०१७ पासून आहे आणि गावोगावच्या पाझर तलावांना तिचा फायदा झाला आहे. इथे अभयारण्य असल्यामुळे जेसीबी उतरवण्याआधी वन्यजीव खात्याची परवानगी लागते. आमच्याकडचे लोक याला अडवणूक म्हणतात. मला वाटतं, आधी नकाशावर दोन रंगांनी पात्रातला गाळ आणि पक्ष्यांचा गाळ आखून गावसभेत ठेवला तर निम्मं भांडण तिथेच मिटेल. कामाला उन्हाळ्याचे थोडेच आठवडे मिळतात, म्हणून आखणी हिवाळ्यातच व्हायला हवी.

पाणवेलींचं, म्हणजे जलपर्णीचं, काय?

नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीत येतं, शेतातली खतं धुपून येतात. पाणवेलीला आणखी काय हवं? दिसायला हिरवीगार, फुलं जांभळी, पण खाली अंधार आणि कुजका वास. पाण्यातला प्राणवायू कमी होतो, शेवाळं मरतात, बदकांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. पुरात तिचे ढिगारे वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतात आणि पाणी आणखी तुंबतं. काढलेली वेल काठावरच टाकली तर पुढच्या पावसात परत नदीत जाते, हे दरवर्षी बघतो. ती लांब नेऊन कुजवावी लागते. खरा उपाय नाशिकच्या नाल्यांत आहे, आमच्या काठावर नाही.

बिबट्याची भीती आहे का?

बिबटे आहेत. निफाडच्या उसात त्यांचा मुक्काम असतो. पाहुण्यांनी दिवसाउजेडी ठरलेल्या वाटेने फिरावं, उसाच्या कडेला एकटं बसू नये आणि लहान मुलांना पुढे पळू देऊ नये. ऊसतोडीच्या दिवसांत जास्त जपा.

रामसर दर्जा म्हणजे काय? त्याने काय फरक पडला?

इराणमधल्या रामसर गावात १९७१ साली पाणथळींबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या यादीत नांदूर मधमेश्वरचं नाव २१ जून २०१९ या तारखेने आहे, क्षेत्र १,४३७ हेक्टर. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ. नंतर लोणार आणि ठाण्याची खाडी आली. गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, कुडचडेजवळचं नंदा तळं, २०२२ चं. तिथेही पावसाळ्यानंतर पाणी अडवून ठेवतात, त्यावर भातशेती आणि मासेमारी होते. दोन राज्यांतली पहिली रामसर स्थळं शेतीच्या पाण्यावर उभी आहेत, हे मला फार बोलकं वाटतं.

फरक म्हणाल तर नाव झालं, पाहुणे वाढले, निधीच्या प्रस्तावाला वजन आलं. पाण्याच्या वेळापत्रकात मात्र अजून पक्ष्यांना जागा नाही. आणि एक विसंगती सांगतो. २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळले आहेत. नांदूरला अभयारण्याचं कवच आहे म्हणून निभावतं. पण राज्यातले किती तरी सिंचन तलाव हिवाळ्यात पक्ष्यांनी भरलेले असतात आणि कागदावर ते पाणथळ नसतात.

आमच्या गावच्या लहान तलावावर असे पक्षी येतील का?

येतील, जागा मिळाली तर. एक काठ उतरता आणि उथळ ठेवा, दगडी पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, चारही बाजूंनी करू नका. गाळ काढताना मध्ये एखादं बेट राहू द्या, कुत्री पोहोचणार नाहीत असं. पाणकणसाचा एखादा पट्टा ठेवा. मांगूर-चिलापी सोडू नका. पहिल्याच हिवाळ्यात हळदी-कुंकू बदकांची जोडी दिसली तर आश्चर्य मानू नका. तिला फार थोडं पुरतं.

कधी आणि कसं यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य उगवायच्या आधी. नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटर. रेल्वेने आलात तर निफाड स्टेशन. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे, स्वेटरवर भागत नाही, कानटोपी आणा. भडक कपडे, स्पीकर आणि ड्रोन नकोत. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. प्लॅस्टिक आणलंत तर परत न्या. पाण्यावरचा थवा उडवून फोटो काढणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते: हजारो किलोमीटर उडून आलेलं बदक दिवसा झोपतं तेव्हा ते परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतं.

पक्षिगणनेत सामील होता येतं का?

हो. वन विभाग आणि स्वयंसेवक मिळून महिन्यातून एकदा ठरलेल्या ठिकाणी गणना करतात. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी, कोठुरे अशी ठिकाणं आहेत. पक्षी ओळखता आलेच पाहिजेत असं नाही. नव्या माणसाला आधी वारकरी पक्षी मोजायला देतात: अंग काळं, कपाळावर पांढरा टिळा, चुकायची भीती नाही. दहा-दहाच्या गटाने मोजायचं, वहीत रेघा मारायच्या आणि सोबत पाण्याची पातळी लिहायची. तो शेवटचा रकाना आम्ही नंतर वाढवला. सुरयाची घरटी बुडाली त्या एप्रिलनंतर.